कुलवृत्तांतातले तांबडे चौकोन

कुलवृत्तांताची पीडीएफ पडद्यावर उघडली की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “नावांभोवती हे तांबडे चौकोन कसले रे?”

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत पीडीएफमध्ये दुवे घालणारं सेबॅस्टियन राट्झ यांचं हायपररेफ पॅकेज नुसतं घातलं, पर्याय एकही दिला नाही, की अंतर्गत दुव्याला लाल, संदर्भग्रंथाला हिरवी आणि वेबपत्त्याला आकाशी चौकट येते. दिसते भयंकर, पण कागदावर उतरत नाही. हे ठाऊक नसलं की लोक घाईने ‘कलरलिंक्स’ हा पर्याय ट्रू, म्हणजे चालू करतात. चौकटी जातात, अक्षरं रंगतात, आणि हा रंग मात्र छापखान्यापर्यंत पोचतो. एकरंगी छपाईत तेवढीच नावं करडी उमटतात. त्यापेक्षा ‘हाइडलिंक्स’ बरं, रंग नाही की चौकट नाही. फक्त दुवा आहे हेच मग वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून छपाईची प्रत हाइडलिंक्सने काढावी, व्हॉट्सॲपवरून मुंबई-पुण्याला जाणारी गडद निळ्या ‘लिंककलर’ने. पेजरेफ या आज्ञेने छापलेला पृष्ठांक दोन्हींत हवाच. कागदावर बोट दाबून काही उघडत नाही.

खरी गंमत नावांची. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे पाचव्या पिढीत विनायक, सातव्यात विनायक, नवव्यातही विनायकच. तिघांनाही ‘विनायक’ हेच लेबल, म्हणजे दुवा जिथे न्यायचा त्या जागेची खूण, दिलंत तर लाटेक ‘मल्टिप्लाय डिफाइंड’ (एकच लेबल अनेकदा) असं पुटपुटतं, पण थांबत नाही, आणि शेवटचं लेबल खरं धरतं. गुहागरच्या खापरपणजोबांवर टिचकी मारावी तर समोर मर्चंट नेव्हीतला खापरपणतू! लेबलात शाखा, पिढी आणि अनुक्रम घालावा, नाव घालूच नये.

नोंदीला स्वतःचा क्रमांक नसेल तर लेबल मागच्या मथळ्याला चिकटतं आणि टिचकी प्रकरणाच्या सुरुवातीला नेऊन टाकते. नोंदीच्या तोंडाशी ‘फँटमसेक्शन’ ही अदृश्य खूण टाकणारी आज्ञा, लगेच लेबल, एवढं केलं की टिचकी नेमकी पडते. हायपररेफ प्रीॲम्बलमध्ये, म्हणजे फाइलीच्या मजकुराआधीच्या भागात, जवळजवळ शेवटी घालायचं, संदर्भ जोडणारं क्लेव्हररेफ पॅकेज तेवढं त्याच्याही मागून. फाइल निदान दोनदा चालवायची, नाहीतर पृष्ठांकांच्या जागी ठळक प्रश्नचिन्हांच्या जोड्या येतात.

पीडीएफच्या बाजूला उघडणाऱ्या बुकमार्कांच्या पट्टीत जातो फक्त साधा युनिकोड मजकूर, तोही वाचणाऱ्याच्या यंत्रातल्या फॉन्टने. जुन्या आवृत्तीचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला असेल तर पानावर ‘आडिवरे’ नीट दिसतं आणि पट्टीत इंग्रजी अक्षरांची भेळ. हायपररेफचा कुठलाही पर्याय तिथे कामाचा नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग झीलाटेक, म्हणजे युनिकोड कळणारं लाटेक, चालवा. मथळ्यात साध्या मजकुरात न उतरणाऱ्या सजावटीच्या आज्ञा असतील तर ‘टेक्सऑरपीडीएफस्ट्रिंग’ या आज्ञेमध्ये दोन रूपं द्यायची: पानासाठी सजलेलं, पट्टीसाठी साधं.

एवढं बसवल्यावर दुवे मिळतात ते मुलग्यांना. मुली वडिलांच्या नोंदीत एका ओळीत उरकलेल्या: माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, संपलं. दुव्याला लेबल लागतं आणि लेबलाला नोंद. संपादक मंडळ म्हणतं, पानं वाढतील.

वाढू देत की.