उत्तरेची खिडकी

आपल्या शाळेतले चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे जादा तास आठवतात का कुणाला? सर माठ, तांब्या, वांगी सगळं कायम उत्तरेच्या खिडकीपाशीच मांडायचे, पश्चिमेची खिडकी एवढी मोठी होती तरी तिकडे नाही म्हणजे नाही. एकदा चारच्या सुमाराला मात्र त्यांनी टेबल दोन्ही खिडक्यांच्या कोपऱ्यात सरकवलं, पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरला आणि त्यावर एक खडू उभा केला. सावल्या पडल्या दोन, एक निळसर आणि दुसरी चक्क पिवळट! जिथे खडूने ऊन अडवलं तिथे फक्त उत्तरेच्या आभाळाचा उजेड पोचतो म्हणून निळी, आणि जिथे आभाळ अडवलं तिथे नुसतं ऊन म्हणून पिवळी. "आता सावलीत काळा रंग कोण भरणार?" एवढंच म्हणाले सर. आभाळ निळं का याचं उत्तर आम्हाला विज्ञानात पाठ होतं हो, पण तेच निळं आपल्या कागदावर येऊन पडतं हे कोण सांगणार.

पुढे मी इथेच इचलकरंजीत प्रोसेसला, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात लागलो, शेड मॅचिंगला, म्हणजे रंगवलेल्या कापडाची छटा नमुन्याशी जुळवायला, आणि तिथे परत तीच उत्तर दिशा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा-तांबूस, जास्त तितका निळा: दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन, मावळतीचं ३०००च्या खाली, आणि उत्तरेचं निरभ्र आभाळ १००००च्याही वर जातं, मग एकच लाल दोन दारांत दोन तऱ्हेचा दिसणारच ना. आता रंग तपासायला ठरावीक दिव्यांची पेटी, लाइट बॉक्स आहे, त्यात डी-६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा ६५०० केल्विनचा प्रमाण उजेड, तरी आमचे डाईंग मास्तर शेवटी कापड घेऊन उत्तरेच्या दारातच जातात.

पण उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, म्हणून तिथला उजेड वर्षभर सारखा, हे युरोपातलं गणित. आपण १७ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा खालीच, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऐन दुपारीसुद्धा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तिरकं ऊन त्या खिडकीतून थेट आत. शाळेत असताना हे कळायचा प्रश्नच नव्हता, मेमध्ये सुट्टी आणि जूनपासून ढग, आणि आभाळ भरून आलं की चारी दिशांचा रंग जवळपास एकच.

शाळेची नवीन इमारत होणार असं ऐकतोय. चित्रकलेचा हॉल उत्तरेलाच ठेवा, खिडकीवर छज्जा जरा लांब काढा, आणि प्लीज भिंतींना तो पोपटी डिस्टेंपर नको, सगळा उजेड हिरवा करून टाकतो.