ट्यूबलाइटची रेघ

जून, दुसरा रविवार

नखांच्या कडांना पांढरा चिखल बसलाय. दोनदा हात धुतले तरी निघत नाही. लेकीने विचारलं, "आई, रविवारी नक्की कुठे जातेस?" दगड घासायला, म्हटलं. तिला वाटलं मी वैतागून बोलतेय. खरं तर गारगोटी घासून कोंदणात बसवायचा घुमटदार खडा करायला शिकतेय.

भोसरीत काकांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. काका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात त्या विभागातून, निवृत्त झाले, हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनी हे मशीन स्वतःच बांधलं. मधे मोटर, लांब स्पिंडल, दोन्ही बाजूंना तीन-तीन व्हील. ८०, २२०, २८०, ६००, १२०० आणि ३०००. आकडा वाढतो तसा व्हीलवरचा हिऱ्याचा चुरा बारीक होत जातो. पहिली दोन पोलादी आणि टणक. पुढच्या चारांना रेझिनचा पट्टा आणि आत स्पंज, अंगठ्याने दाबलं तर थोडी दबतात. मला बांगड्या, घड्याळ, ओढणी काढून खुंटीला लावायला सांगितली, केसांचा अंबाडा घालायला लावला, आणि एवढी तयारी झाल्यावर म्हणाले, "मॅडम, आज मशीनला हात लावायचा नाही. आज दगड बघायचा."

दगड मी नेले होते. पैठणच्या अलीकडे मावशीचं शेत आहे. नांगरटीनंतर एक पाऊस झाला की गारगोट्या धुऊन वर येतात. लहानपणी आम्ही दोन गारगोट्या गोधडीत नेऊन एकमेकींवर घासायचो. आतून पिवळसर उजेड पडायचा आणि जळका वास यायचा. मावशी त्या वेचून बांधावर फेकायची, पाभर अडते म्हणून.

काकांनी खिशातला चाकू काढून एका गारगोटीवर जोरात ओढला. करडी रेघ उमटली. "चरा पडला का?" पडला, म्हटलं. त्यांनी ओला अंगठा फिरवला, रेघ गेली. पोलादच दगडावर घासून राहिलं होतं. कठीणपणाच्या मोजपट्टीवर चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास, अकीक, म्हणजे आमची ही गारगोटी, साडेसहा ते सात, हिरा दहा. म्हणून हिऱ्याचा चुरा लागतो.

मग करवतीने एक दगड कापला. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तेव्हा कुठे कापणी झाली. दोन अर्धुकं उघडून ठेवली आणि मी गप्पच बसले. बाहेरून बटाट्यासारखा दिसणारा दगड. आत पांढरे, राखाडी, निळसर पट्टे एकात एक, मधोमध साखरेसारखा स्फटिक. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे सिलिका घेऊन येणारं पाणी त्या पोकळ्या एकेका थराने भरत गेलं. हे शाळेत शिकले होते. पण ते बांधावर फेकलेल्या दगडात असेल, असं काही वाटलं नव्हतं.

पुढचा रविवार

आज आखणी. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या चकतीवर साचापट्टी ठेवून ३० बाय २२ चा लंबगोल काढायचा. पेन्सिल पाण्यात टिकत नाही. काकांनी टोक काढलेली ॲल्युमिनियमची तार दिली. चाकूचाच न्याय, मऊ धातू दगडावर उतरतो. "म्हणजे ही खरी काळ्या दगडावरची रेघ," मी म्हटलं. काका हसले नाहीत. "रेघ बारीक काढा. जाड झाली की रेघेच्या आतून घासायचं का बाहेरून, ते नंतर कळत नाही."

८० च्या व्हीलवर कडा रेघेपर्यंत आणल्या. पाण्याची धार सतत. दगड ओला आहे तोवर आवाज खरखरीत, पाणी तुटलं की तो किंचाळायला लागतो.

मग लाख. इथे मी काकांच्या पुढे आहे! टपाल खात्यात नवी लागले तेव्हा विम्याच्या पार्सलांना लाखेचे शिक्के मारायचं काम माझ्याकडे असायचं. लाख कधी चमकते, कधी ओघळते, कधी जळून काळी पडते, हे बोटांना अजून पाठ आहे. लाकडी काडीच्या टोकाला लाखेचा गोळा, त्यावर दगड पालथा. काकांनी एकदाच सांगितलं होतं, दगडही आधी तापवून घ्या, गार दगडाला लाख वरवर धरते. पार्सल काही तापवावं लागायचं नाही. मीही नाही तापवला. व्हीलला टेकवल्या टेकवल्या दगड सुटला, ट्रेच्या पत्र्यावर आपटून चिखलात पडला. कडेचा टवका उडाला. लंबगोल दोन-दोन मिलिमीटरने लहान झाला.

घरी येताना बसमध्ये ती काडी हातात होती. शेजारची बाई विचारत होती, कुल्फी कसली?

जून, शेवटचा रविवार

आज काकांनी 'मॅडम' सोडलं. "अगं, गोल करायला जाऊ नकोस" असं ओरडले आणि त्या 'अगं'ला मी आपोआप ओ दिली.

मी सरळ गोल करायला निघाले होते. दगडाचा घुमट करायचाय तर हात घुमटासारखा फिरवायचा, असं वाटत होतं. झालं काय, एका बाजूला खड्डा, दुसरीकडे उंचवटा, आणि कुठून सुरुवात केली होती त्याचा पत्ता नाही. काकांनी मशीन बंद केलं, कागद घेतला, दगडाचा छेद काढला. कडेला खाली दीड मिलिमीटरची उभी भिंत सोडायची, तिला शिवायचं नाही. तिच्यावर ४५ अंशांचा चेंफर, म्हणजे कोपरा घासून काढलेला तिरका उतार, सगळीकडून सारखा. त्या चेंफरच्या वरच्या कोपऱ्यावर दुसरा, जास्त पडता, १५-२० अंशांचा. आता जे कोपरे उरले ते मोडायचे. "टूलरूममध्ये चाळीस वर्षं सरळच्या सरळ काम केलं. गोल असं काही नसतं. कोपरे मोडत जायचं."

मनगट एका कोनात रोखून धरायचं आणि काडी बोटांत फिरवायची. काडी थांबली की तिथे सपाट डाग पडलाच. एका बाजूला जास्त दाब दिला की शिखर सरकलं. काका म्हणत होते दोन बोटांत फिरव, माझ्या हातात ते येईना. शेवटी डोळे मिटून आजीसारखी वात वळायला घेतली, कापूस अंगठ्याखालून पुढे जातो तसा, आणि काडी फिरायला लागली. काकांना सांगितलं नाही. त्यांना वाटतंय त्यांनी शिकवलं.

जुलै, पहिला रविवार

लाइट गेलेली. पत्र्यावर पाऊस इतका की ओरडून बोलावं लागत होतं.

मी सहज म्हटलं, पाण्याने बोटं गारठतात, थोडं कोरडंच घासून बघू का? काका एकदम गंभीर झाले. खंभातला ते जाऊन आलेत. अकीक घासणाऱ्यांचं गाव. भरूचकडच्या रतनपूरचा दगड तिथे भट्टीत भाजतात, म्हणजे आतल्या लोहामुळे तो लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढतात. हे तंत्र सिंधू संस्कृतीइतकं जुनं असावं असं अभ्यासक मानतात, लोथलला मण्यांचा कारखानाच सापडला. पण कोरडी धूळ छातीत बसते. सिलिकोसिस. फुप्फुसं आतून घट्ट होत जातात आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. खंभातच्या कितीतरी कारागिरांना त्याने गाठलं. हे सांगून काका उठले, पाण्याच्या नळीला हात लावून आले, लाइट नसतानाही.

मी तेरचं सांगितलं. धाराशिवजवळच्या तेरला लामतुरे वस्तुसंग्रहालयात मी मागे एकदा गेले होते. सातवाहनांच्या काळातलं तगर ते हेच. तिथले मणी मी काचेबाहेरून घाईघाईत बघितले होते, बसची वेळ झाली म्हणून. आता एकेकापाशी अर्धा तास उभी राहीन. मण्याला मागची बाजू नसते. सगळीकडून गोल, शिवाय भोक. माझ्याच्याने नुसती एक पाठ गोल होत नाहीये.

आपण करतो त्या आकाराला कॅबोशॉन म्हणतात. 'डोकं' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलंय, हे मी मोबाइलवर वाचून काकांना ऐकवलं. काकांनी माझा दगड दिव्यासमोर धरला. "मग तुझ्या डोक्याला टक्कल आहे."

खरंच. शिखरावर वाटाण्याएवढा सपाट भाग राहिलाय. सगळ्यांचा राहतो म्हणे. कडेकडून गोल करत जाताना मधलं राहून जातं, आणि बोटाला ते कळत नाही.

जुलै, तिसरा रविवार

मऊ व्हीलवर गेले. ही चाकं छान. दगड टेकवला की स्पंज त्याच्याभोवती थोडा वळतो, पोलादी चाकाने सोडलेले बारीक पैलू आपसूक पुसले जातात. २८०, ६००, १२००. हातातला दगड पाण्याखाली असा चमकत होता की मी उत्साहाने ३००० वर गेले आणि काकांच्या पुढे धरला.

त्यांनी तो शर्टाला पुसला. फुंकर मारून आणखी वाळवला. ट्यूबलाइटखाली धरला आणि मला म्हणाले, बघ.

वाळल्यावर दगड वेगळाच होता. डाव्या खांद्यावर तीन ओरखडे, समांतर, मांजराने ओढल्यासारखे. पाणी ओरखड्यात भरतं आणि तो दिसेनासा होतो. इतके दिवस मी ओला दगड बघून खूश होत होते.

"हे ३००० चे नाहीत. हे ८० चे आहेत." ८० चा ओरखडा तिथेच राहिला, त्याच्याभोवती २२० ने थोडं घासलं, मग २८०, मग ६००, आणि प्रत्येकाने त्याला थोडं थोडं गुळगुळीत केलं. ३००० ने काय केलं, तर ओरखड्यालाच पॉलिश केलं. आता परत २२० वर जायचं.

मी विचारलं, नुसतं तेवढंच घासलं तर? तेवढंच घासलं तर तिथे खळगा पडतो. सगळा घुमट खाली आणायचा.

माझा चेहरा पडला असावा. काकूंनी थालीपीठ आणून दिलं.

मंगळवार रात्र

दगड फ्रीजमधे आहे. लाख काढायची म्हणजे फ्रीजरमधे ठेवायचं, गारठून लाख दगड सोडते. खरं तर अजून काढायचा नव्हता, पण मला तो काडीसकट समोर नको होता. लेक मटाराची पिशवी घ्यायला गेली आणि "आई, इथे तुझं डोकं आहे" म्हणून ओरडली. बर्फाच्या ट्रेवर तो टकटक करून काढला. उलटा करून बघितला. मागून पट्टे जास्त सुंदर दिसतात, पण मागून कोण बघणार?

आज काउंटरवर नेहमीचे एक आजोबा आले होते. फॉर्मवर एका अंकावर खाडाखोड झाली म्हणून मी नवा फॉर्म भरायला सांगितला. ते म्हणाले, तेवढ्यापुरती सही करतो ना. मी म्हटलं, नाही आजोबा, सगळा परत. म्हटल्यावर मला हसू आलं आणि आजोबांना ते आवडलं नाही.

ऑगस्ट, पहिला रविवार

दगड तापवून परत लाखेवर बसवला. हळूच तापवला, एकदम आंच दिली तर तडकतो. २२०. सगळा घुमट. टक्कलही गेलं, हे फुकटात झालं. ओरखडे जायला वीसेक मिनिटं लागली, आणि या वेळी प्रत्येक मिनिटाला मी थांबून, पुसून, वाळवून बघत होते. थांबणं हेच काम आहे असं वाटण्याइतकं. काका पलीकडे बेअरिंगला ग्रीस भरत होते, एकदाही आले नाहीत.

पुढच्या प्रत्येक व्हीलवर दिशा बदलली. आधीच्या चाकाच्या खुणा आडव्या असतील तर आता उभं घासायचं. आडवं काही उरलं की लगेच उठून दिसतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागून कळलं की काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि ट्यूबलाइटची रेघ. कोरडा दगड ट्यूबखाली धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. घुमटावरून पांढरी रेघ सरकत जाते. गोलाई बरोबर असेल तर रेघ पाण्यासारखी वाहते. कुठे सपाट असेल तर तिथे ती अडखळते, वाकडी होते, कधी दोन तुकडे होऊन पुढे जाते. बोटाला जे कळत नाही ते या रेघेला कळतं. घरी आल्यावर मी स्टीलच्या सगळ्या वाट्यांवर ती बघितली. एका वाटीला पोचा आहे, बारा वर्षांत दिसला नव्हता.

ऑगस्ट, तिसरा रविवार

पॉलिश. चामड्याच्या चकतीवर सेरियम ऑक्साइडचा लगदा, फिकट गुलाबी, टाल्कम पावडरीसारखा. चष्म्याच्या काचांनाही हेच वापरतात. चामडं जरा वाळत आलं की दगडाला ओढायला लागतं, आणि त्या ओढीच्या क्षणी चकाकी येते. पण तिथेच दगड तापतो आणि लाख सुटते. दोन्हींच्या मधे दोन-चार सेकंद असतात. हातात काडी नसलेलं बोट दगडाला लावून बघत राहायचं.

झाला. मी तो पुसला, वाळवला, फुंकर मारली, खुंटीवरच्या ओढणीने आणखी एकदा पुसला. ट्यूब लावली. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, मधल्या निळसर पट्ट्यावरून जाताना थोडी खोल उतरल्यासारखी वाटली, पण ते पट्ट्यामुळे. अडखळली नाही.

फ्रीजरमधे ठेवून लाख काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी खिडकीशी नेऊन बघितला. बराच वेळ. काकू पण आल्या, म्हणाल्या, अगंबाई, हा मावशीच्या शेतातला?

काकांनी तो पालथा केला. खालच्या कडेवरून नख फिरवलं. नखाला धार लागली असावी. कोंदणात बसवताना ही धार टवकते, मागच्या कडेलाही बारीकसा चेंफर लागतो, हे आखणीच्या दिवशीच सांगून झालं होतं.

त्यांनी काही न बोलता दगड माझ्या हातात परत दिला. मी अंबाडा घट्ट केला आणि २२० च्या पाण्याचा नळ सोडला.