गुलमंडीत येणारे आणि गुलमंडीतून जाणारे

आज आईच्या साडीला फॉल-पिको करायला संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात, टिळक पथावर गेले होते. दुकानातले काका म्हणाले, "बसा ताई, अर्धा तास लागंल." बसले पायरीवर आणि रस्ता बघत राहिले.

पैठण गेटकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना गुलमंडीत काही घ्यायचंच नव्हतं. थेट सिटी चौकाकडे. मध्येच माल उतरवायला एक छोटा हत्ती आडवा लागला आणि हॉर्नचा असा काही गोंधळ, की समोर बांगड्या भरणाऱ्या मावशींना आपल्या गिऱ्हाइकाशी खुणेनं बोलावं लागलं! पिशव्या घेतलेल्या बाया मात्र सगळ्या पायीच. गाडी कुठंतरी लांब लावून आलेल्या.

काकांना म्हटलं, संध्याकाळी पाच ते नऊ गाड्या बंद केल्या तर? ते उखडलेच. "मग गिऱ्हाईक कसं येणार?" अहो, जे नुसतं पुढं निघून जातंय ते तुमचं गिऱ्हाईक आहे का?

पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात. एक दिवस का होईना. इथं माल सकाळीच उतरवायचा, रिक्षा पैठण गेटला थांबवायच्या, म्हाताऱ्या माणसांसाठी दोन-चार ई-रिक्षा आत सोडायच्या. औरंगपुऱ्याहून तर चालत येता येतं. पार्किंगचं काय, हा काकांचा प्रश्न मात्र रास्त आहे, त्याला माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

संभाजीनगरकरांनो, तुम्हाला काय वाटतं? दुकानदारांनी तर नक्की लिहा.