एका तावात मावणारं पत्र

शनिवार, रात्री

रीजन्सी काळाचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडचे, शौकीन एकत्र बसले की गप्पा हमखास पोशाखांवर आणि बॉलवर (नृत्यसमारंभांवर) जातात. आजची बैठक मात्र पत्रांची होती. त्या काळची इंग्रज लेखिका जेन ऑस्टिन हिच्या कादंबऱ्यांत शिरायचं तर इथूनच शिरावं, असं माझं ठाम मत आहे. तिच्या पात्रांच्या आयुष्यातल्या किती उलथापालथी टपालातून येतात!

आधी पैशांचा हिशेब. 1812 च्या इंग्लंडमधल्या दरांप्रमाणे 15 मैलांपर्यंत 4 पेन्स, 50 ते 80 मैलांना 8 आणि 230 ते 300 मैलांना 12 पेन्स, म्हणजे अख्खा शिलिंग. हा दर एका तावाचा. दोन ताव झाले की दुप्पट. वरून गुंडाळायला वेगळा कागद घेतला तर तोही ताव म्हणून मोजला जाई. आणि हे पैसे सहसा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. त्यामुळे एका तावात जास्तीत जास्त मजकूर बसवणं ही समोरच्याच्या खिशाची काळजी होती. पान भरलं की ते आडवं फिरवून आधीच्या ओळींवरून काटकोनात दुसऱ्या ओळी लिहीत. ‘एमा’मधल्या मिस बेट्सची भाची अख्खा कागद भरून वर अर्ध्यावर असं आडवं लिहिते. त्या वाक्यात बेट्स घराण्याची ओढाताण दिसते.

खासदारांना मात्र टपाल फुकट. पत्त्याच्या बाजूला सही, पूर्ण पत्ता आणि तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायची, दिवसाला 10 पत्रं पाठवायची आणि 15 घ्यायची, अशी मर्यादा होती. ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये रडणाऱ्या छोट्या फॅनीला तिचा मावसभाऊ एडमंड समजावतो की तुझ्या भावाला पत्राचा खर्च पडणार नाही, माझे बाबा सही करतील. ते खासदार आहेत. हा नियम माहीत असला की त्या प्रसंगातला जिव्हाळा दुपटीने कळतो.

आता घडी. ए-3 कागद 38 × 23 सेंटिमीटर कापून घ्यावा आणि मधोमध दुमडावा. 19 × 23 ची चार पानं होतात. पहिली तीन पूर्ण लिहायची. चौथ्यावर मधला उभा पट्टा कोरा ठेवायचा आणि दोन्ही कडांच्या पट्ट्यांवर उरलेला मजकूर घ्यायचा. मग पहिलं पान वर ठेवून दोन्ही लांब कडा आत घ्यायच्या, की सुमारे 7 सेंटिमीटर रुंद पट्टी उरते. तिची दोन्ही टोकं एकमेकांवर आणून एक टोक दुसऱ्याच्या घडीत खोचायचं. हाताशी जेमतेम 10 × 7 चं पुडकं येतं आणि लिहिलेल्या कडा आत झाकल्या जातात. पत्ता पुढच्या बाजूला, मजकुराच्या काटकोनात. लखोटा लागतच नाही. पडद्यावर डिंक लावलेली पाकिटं दिसली की समजावं, ती 1840 नंतरची सवय आहे. त्या वर्षी वजनावर दर ठरला आणि तावांची मोजणी संपली.

फसतं ते मोहरेपाशी. खोचलेल्या टोकावर लाखेचा थेंब पडतो आणि पत्र उघडताना तिथला कागद फाटून लाखेबरोबर जातो. मागच्या बाजूला तिसऱ्या पानावरचे शब्द असतात, ते कायमचे गेले. म्हणून कोऱ्या तावाची आधी घडी घालून बघावी, मोहरेची जागा पेन्सिलने खुणावी आणि लिहिताना तिसऱ्या पानावर तेवढी जागा सोडावी. शोकात असलेल्या घरातून काळी लाख, एरवी लाल. लाखेऐवजी पिठाच्या रंगीत चकत्या ओल्या करून चिकटवत, ते स्वस्त आणि झटपट.

शाईसाठी मार्था लॉइडची कृती सर्वांत चांगली. ही ऑस्टिन भगिनींबरोबर राहणारी मैत्रीण, आणि तिची घरगुती वही शिल्लक आहे. तिच्या मापाच्या पाव भागात मायफळ 28 ग्रॅम, हिराकस (लोहाचा क्षार) 14, डिंक 10 ग्रॅम, थोडी साखर आणि सुमारे 290 मिलिलिटर बिअर. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर किड्यामुळे धरणारी गाठ, आपल्या बाळगुटीतलंच. काष्ठौषधीच्या दुकानात ते घेताना जड, बिनभोकाचं बघून घ्यावं. भोक पडलं म्हणजे आतला किडा बाहेर पडला आणि तुरटपणा कमी झाला. हिराकस हिरवट खड्यांचा हवा, पिवळट-तपकिरी पडला असेल तर शाई फिकी होऊन तळाशी गाळ बसतो. मायफळ फोडावं, हिराकस आणि डिंक खलात कुटावा, सगळं काचेच्या बरणीत घालून 14 दिवस उबेला ठेवावं आणि रोज दोन-तीनदा हलवावं. लोखंडी भांडं नको. बिअरऐवजी पाणी वापरलं तर बुरशी धरते, दोन लवंगा टाकाव्यात. हिराकस जास्त झाला तर शाई पुढे कागदच खाते, डिंक जास्त झाला तर सुकून पापुद्रे निघतात. लिहिताना ती फिकी वाटते, हवा लागली की हळूहळू काळी पडते. फाउंटन पेनात घालू नये, पेन चोंदतं.

पिसाची लेखणी उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी हंसबदकाच्या डाव्या पंखाच्या पिसाची करावी, तिचा बाक हातापासून बाहेर जातो. चित्रांत दिसणारा पिसाचा झुपकेदार भाग लिहिताना आड येतो, म्हणून तो छाटून टाकत.

रीतही लक्षात ठेवायला हवी. लग्न न ठरलेल्या मुलीने परक्या पुरुषाशी पत्रव्यवहार करणं चालत नसे. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तली मॅरिअन विलोबीला पत्र लिहिताना दिसते आणि तिची बहीण एलिनॉर धरून चालते की यांचं ठरलंय. ‘एमा’तली जेन फेअरफॅक्स, म्हणजे मिस बेट्सची तीच भाची, पावसात स्वतः टपालकचेरीत जाते, कारण पत्रावरचं अक्षर दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायला नको. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला डार्सी आपलं पत्र एलिझाबेथच्या हातात देतो, तेही याच धाकाने. दोन ताव गच्च भरलेले आणि गुंडाळलेला कागदही लिहिलेला. टपालाने गेलं असतं तर तिप्पट दर पडला असता, शिवाय चारचौघांत तिच्या नावाचा बोभाटा झाला असता. पुढच्या बैठकीत हेच पत्र त्याच मापाच्या तावांवर बारीक अक्षरात उतरवायचं ठरलंय.