टाकळघाटच्या वाटेवर

सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलपासून पहाटे निघालो तेव्हा आम्ही 19 जण होतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, म्हणून पाळकसाहेबांनी पहिली प्रार्थना ऐक्यासाठी घेतली. जायचं होतं टाकळघाटला. 1845 साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपसाहेब 4 सप्टेंबर 1863 ला तिकडची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात गेले. घोडा एकटाच तळावर परतला. त्याच तारखेला तिथं पोचायचं आणि दोन दिवस फक्त देशासाठी मागायचं, असं ठरलं होतं.

झीरो माइल, बर्डी, अजनी. ढोलकी, झांज, रेव्हरंड टिळकांचे अभंग. आवाज मोकळे झाले होते आणि मला रडू येत होतं.

चिंचभवनच्या पुढं ऊन चढलं, तशी माझी चिडचिड सुरू झाली. एक मावशी दर फर्लांगावर सगळ्यांना थांबवून मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागायची, प्रार्थना करायच्या. दारूत बुडालेली पोरं, गळफास घेणारे शेतकरी, लाच खाणारे साहेब. मागणं खरंच होतं, पण प्रत्येक वाक्यात पाप 'त्यांचं'. बायबलातल्या दुसऱ्या इतिहासाच्या पुस्तकातलं 7:14 हे वचन आम्हां सगळ्यांना पाठ आहे. देव देश बरा करील, पण आधी 'माझे लोक' दीन होतील, असं तिथं आहे. नहेम्या यरुशलेमेसाठी रडला तेव्हा 'मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानं पाप केलं' म्हणाला. हे मी मावशींना भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, वरच्या आवाजात सुनावलं. त्या काही बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

खापरीजवळ उजव्या टाचेचा फोड फुटला. मी मागं पडलो आणि एका पंक्चरच्या दुकानापाशी टेकलो. दुकानात बाई होती.

"का झालं जी भाऊ? चप्पल काढा पह्यले."

ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं घमेलं होतं. तिनं त्यातलं काळं पाणी नालीत ओतलं, घमेलं राखेनं घासलं, पुन्हा घासलं, मग कोमट पाणी घेऊन मूठभर मीठ टाकलं. माझा पाय त्यात ठेवला तेव्हा झोंबून जीव कळवळला. तिचा नातू तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घेऊन समोर बसला होता. नंदीचं एक चाक मोडलेलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेलं. बाईनं हळद-तेल लावलं, जुन्या लुगड्याची चिंधी फाडून टाच बांधली. पैसे काढले तर खिशातला हातच धरला.

"कोणासाठी चालून राहिले जी एवढं?"

"देशासाठी. प्रार्थना करत."

"मंग करा न जी," ती म्हणाली. "घरचे सारे बरे हायेत न?"

मी हो म्हटलं. थोरल्या भावाशी मी चार वर्षं बोललेलो नाही. बाबा गेल्यावर घराच्या मागच्या भिंतीवरून झालं, मग वकील आले, मग दिवाळी-नाताळही बंद झालं. चर्चमधल्या प्रभुभोजनाला, त्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, मात्र मी दर महिन्याला पुढं होत होतो.

बुटीबोरीला रात्री मावशींची क्षमा मागितली. त्यांनी माझ्या टाचेची चिंधी सोडून बघितली आणि तशीच नीट बांधून दिली.

टाकळघाटला दुसऱ्या दिवशी पोचलो. शेवटची प्रार्थना मावशींनी मला दिली. देशासाठी लिहून आणलेला कागद खिशात होता, तो काढला नाही. "प्रभू, मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानं," एवढं म्हटलं आणि पुढं भावाचं नाव घेतलं. पुढचं मावशी बोलल्या. या वेळी 'आम्ही' म्हणत.

परतीच्या बसमध्ये भावाला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"कोण?" म्हणाला. माझा नंबर त्यानं पुसून टाकला होता.

मी नाव सांगितलं. तो फोन धरून राहिला. ठेवला नाही.