कच्छचं रण, एक बूट आणि बरणीतला रवा

डिसेंबरात कच्छला जाऊन आलो, धोरडोचं पांढरं रण बघायला म्हणून, पण घरी आल्यापासून मी सगळ्यांना फक्त चिखलाच्याच गोष्टी सांगतोय असं बायकोचं म्हणणं.

झालं असं की सगळे फोटो काढतात तिथून जरा बाजूला गेलो. वरून मीठ एकदम कडक, खाली काळा ओला गाळ. उगाच एकाच जागी पाय आपटत राहिलो, पंधरा-वीस वेळा आपटल्यावर मीठ फुटलं, खालचं सगळं थुलथुलीत झालं, पाणी वर आलं आणि डावा पाय घोट्याच्या वर आत! पाय निघाला, बूट तिथेच. ड्रायव्हरकाका पोटभर हसले, मग एकदम गप्प होऊन म्हणाले, 'भूकंप में हमारा खेत ऐसाही हुआ था.' 26 जानेवारी 2001, सकाळी पावणेनऊ. भचाऊजवळ त्यांचं शेत, तिथे जमीन फाटून पाणी आणि वाळूचे फवारे उडाले म्हणे.

याला लिक्विफॅक्शन म्हणतात. रवा भरताना बरणी आपटली की रवा खाली बसतो ना, तशी भुसभुशीत वाळूही हादऱ्याने दाबून बसायला बघते, पण कणांमधल्या फटींत पाणी भरलेलं असेल तर ते काही सेकंदात जाणार कुठे, मग पाण्याचा दाब वाढतो, कणांचा एकमेकांवरचा टेकू सुटतो आणि जमीन पिठल्यासारखी होते. कांडला बंदरातला 22 मीटरचा टॉवर असाच कलला, पडला नाही. चांगचं मातीचं धरण मात्र पायाखालच्या ओल्या वाळूने पार बसवलं, नशीब तेव्हा दुष्काळामुळे धरणात पाणी फारसं नव्हतं.

आणि जमीन पातळ झाली नाही तरी सुटका नाही, मऊ गाळ हादरा वाढवून वर पाठवतो. दोनशेहून जास्त किमी लांब अहमदाबादेत बिल्डिंगा पडल्या, त्यात कच्च्या बांधकामाइतकाच साबरमतीच्या गाळाचाही हात होता.

दुसऱ्या दिवशी भुजला स्मृतिवन बघितलं, त्या भूकंपाचं स्मारक. सिम्युलेटरमध्ये जमीन हलते, पोटात गोळा येतो, पण खरं सांगू का, पाय आत गेला तेव्हा जास्त घाबरलो होतो. बाहेर, भूकंपात गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या, 12,932. काका त्यातल्या एका पाटीपाशी बराच वेळ उभे होते, मी काही विचारलं नाही.

भुजच्या बाजारात चप्पल घेतली. उरलेला एक बूट अजून गॅलरीत पडलाय, धुतला तरी मिठाचा पांढरा थर परत येतो.