तुम्ही विचारलंत म्हणून: सिटी घ्यायची तर कोणत्या पिढीची?

मी मोटार सर्व्हेअर आहे. अपघातात चेपलेल्या किंवा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या बघायच्या, नुकसान मोजायचं आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हे माझं काम. ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल हा माझा पट्टा. त्यामुळे गाडी घ्यायची म्हटलं की नात्यातली, सोसायटीतली, ओळखीतल्या ओळखीतली माणसं मला विचारतात. त्यातही एक प्रश्न फार वेळा येतो: "ताई, होंडा सिटी घ्यायची आहे, जुनी चालेल. पण कुठलं मॉडेल घेऊ?"

उत्तर आधीच सांगते. चार-पाच जणांचं घर असेल, मागे आईवडील बसणार असतील आणि गाडी बहुतेक ठाण्यातच फिरणार असेल, तर चौथ्या पिढीची, 2017 नंतरची, पेट्रोल. हे ऐकून समोरचा बहुतेक वेळा म्हणतो, "पण माझा मित्र म्हणतो तिसरीसारखी गाडी पुन्हा झाली नाही." मित्राचंही बरोबर आहे. तो पुढे उजवीकडे बसून बोलतोय, मी मागच्या सीटवरून बोलतेय.

सिटीचा भारतातला सगळा इतिहास मला या दोन जागांमधल्या ओढाताणीसारखा दिसतो. 1998 च्या जानेवारीत ती पहिल्यांदा इथे आली, 1.3 आणि 1.5 लिटरच्या पेट्रोल इंजिनांसह. दीड लिटरचं इंजिन 100 पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप). अंगाने हलकी, जमिनीलगत बसलेली, गिअर असे पडायचे की चालवणाऱ्याला परत परत बदलावेसे वाटायचे. पुढे तिच्यात व्हीटेक आलं. इंजिनाचे फेरे वाढले की झडपा वेगळ्या कॅमवर चालू लागतात, जास्त उघडतात आणि जास्त हवा आत घेतात. म्हणून खालच्या वेगात ती गाडी शांत आणि वर गेली की एकदम दुसरीच. त्या गाड्या जपणारी माणसं आजही भेटतात आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण रोजच्या वापराला आज ती घेऊ नका. वय झालंय, आणि सुरक्षेच्या बाबतीत ती तिच्या काळाची गाडी आहे.

मग 2003 च्या अखेरीस दुसरी पिढी आली. हिला लोक डॉल्फिन म्हणायचे. पहिलीच्या चाहत्यांना ती बघवली नाही. उंच, फुगीर, आणि ताकद 77 पीएस. शंभरावरून सत्त्याहत्तर! कागदावर ही अधोगतीच. पण मला विचाराल तर कुटुंबाची गाडी म्हणून सिटीचा खरा जन्म इथे झाला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पहिल्या पिढीत 2500 मिलिमीटर होतं, दुसरीत ते 2450 झालं. म्हणजे अंतर कमी झालं, आणि तरी मागे बसणाऱ्याला जागा जास्त मिळाली. कारण ही गाडी होंडाच्याच जॅझ या छोट्या गाडीच्या पायावर उभी केली होती आणि त्या पायात पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटांखाली सरकवलेली होती. सीट उंचावर लावता आली, पाय खाली सोडून बसता आलं. गुडघ्याच्या दुखण्याने बेजार माणसाला सेडानमध्ये बसताना आणि उठताना काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला सीटच्या या काही बोटं उंचीची किंमत कळेल. आत बसताना माणूस खाली पडल्यासारखा बसत नाही, आणि उतरताना दाराला धरून स्वतःला ओढून काढावं लागत नाही.

ते 77 पीएसचं आय-डीएसआय इंजिनही मुद्दाम तसं केलेलं होतं. दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे चार सिलिंडरना आठ. दोन ठिकाणांहून ठिणगी पडली की इंधन नीट आणि लवकर जळतं, कमी फेऱ्यांत ओढ मिळते, पेट्रोल वाचतं. कॅडबरी जंक्शन ते तीन हात नाका या गर्दीत गाडीला लागते ती हीच ओढ. कसाऱ्याच्या घाटात पाच माणसं आणि एसी असला की मात्र तिचा जीव वर यायचा, हे खरं. म्हणून पुढे याच पिढीच्या झेडएक्स मॉडेलमध्ये व्हीटेक इंजिनाचाही पर्याय दिला गेला. आज कुणी आय-डीएसआय घेऊन माझ्याकडे आलं तर मी एवढंच विचारते की आठही प्लग बदललेत का. मागच्या बाजूचे चार हाताला सहज लागत नाहीत, त्यामुळे बरेच मेकॅनिक पुढचे चार बदलून मोकळे होतात.

2008 च्या सप्टेंबरमध्ये तिसरी आली आणि झुकाव पुन्हा चालवणाऱ्याकडे गेला. 118 पीएसचं आय-व्हीटेक, बाणासारखं नाक, रुंद आणि बसकं अंग. सगळ्या व्हेरियंटना दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) होतं, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. इतर बऱ्याच कंपन्या तेव्हा एअरबॅग फक्त महागड्या व्हेरियंटला द्यायच्या. ही गाडी दिसायला आजही जुनी वाटत नाही. पाम बीच रोडला पहाटे ती चालवून बघा, मित्र काय म्हणतो ते कळेल. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता मागे बसून बघा. मागे एसीची झडप, म्हणजे वारा येण्याची जाळी, नाही. पुढचे गारठतात तेव्हा कुठे मागच्यांना वारा लागतो.

तिसरीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती ठाण्यात, नवी मुंबईत राहणाऱ्याने नीट ऐकावी. ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरमुळे जगभर गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात आपल्याकडच्या जुन्या सिटीही आहेत. एअरबॅग फुगवणारं रसायन, अमोनियम नायट्रेट, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं. मग अपघाताच्या क्षणी ते नको तितक्या जोरात पेटतं, धातूचं घर फुटतं आणि त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या अंगावर येतात. उष्ण आणि दमट, दोन्ही एकाच ठिकाणी हवं असेल तर आपली खाडी आहेच. म्हणून दुसरी किंवा तिसरी पिढी बघायला गेलात तर किंमत बोलण्याआधी चासी नंबर लिहून घ्या आणि होंडाच्या वेबसाइटवर टाकून बघा. इन्फ्लेटर बदलायचा राहिला असेल तर तो फुकट बदलून मिळतो. मालकाला माहीत नसेल तर त्यालाही सांगा, गाडी तुम्ही घ्या किंवा नका घेऊ.

शिवाय 2008 ते 2010 च्या गाड्यांची पंधरा वर्षं भरली आहेत. पुन्हा नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर हे सगळं धरूनच भाव करायचा.

चौथी पिढी 2014 च्या जानेवारीतली. चाकांमधलं अंतर 2600 मिलिमीटर, मागे गुडघ्यांना खरोखरची जागा, मागे एसीच्या झडपा, 510 लिटरची डिकी. गणपतीला गावी जाताना चार बॅगा, तांदळाची पिशवी आणि मखराचं सामान त्यात मावतं. इंजिन 119 पीएस, म्हणजे तिसरीचीच ताकद जवळपास तशीच. चालवायला तिसरीइतकी धारदार नाही हे मी मान्य करते. स्टिअरिंग हलकं आहे, गाडी मऊ आहे. पण घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांच्या कडेने, पत्र्यांच्या मधून, गायमुखच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या माणसाला धार कुठे वापरायची आहे?

याच पिढीत सिटीला पहिल्यांदा डिझेल मिळालं. 100 पीएस ताकद, 200 न्यूटन मीटरची ओढ, कंपनीचा आकडा लिटरला 26 किलोमीटर. ते इंजिन जोमदार आहे, पण आवाजाचं आहे, आणि ते फक्त मॅन्युअल गिअरबरोबर येतं. दर आठवड्याला नाशिक किंवा कोल्हापूर असेल तर घ्या. कळव्याहून विटाव्यामार्गे रबाळ्याला जाऊन यायचं असेल तर डिझेलचं काही काम नाही.

2017 नंतरची का, तर त्या वर्षीच्या बदलानंतरच्या सगळ्या व्हेरियंटना दोन एअरबॅग, एबीएस आणि लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स आहे. सर्वांत वरच्या झेडएक्स व्हेरियंटला सहा एअरबॅग. गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2022 मध्ये चौथ्या पिढीची दोन एअरबॅगची सिटी आपटून बघितली, तेव्हा मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे पाचपैकी चार तारे मिळाले. मी ठोकलेल्या गाड्या रोज बघते. माझ्या लेखी हे तारे सनरूफपेक्षा फार मोठे आहेत.

पाचवी, 2020 ची, या सगळ्यांत चांगली गाडी आहे. पुढचा आणि मागचा दोघांचाही विचार पहिल्यांदा एकत्र झाला तो इथे. 121 पीएसचं नवीन इंजिन, पाचही जणांना तीन बिंदूंचे पट्टे, आत शांतता. 2023 च्या बदलात डिझेल गेलं आणि पेट्रोलच्या वरच्या व्हेरियंटनाही पुढच्या गाडीवर नजर ठेवून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आली. मग मी हीच का सुचवत नाही? पैसे असतील तर जरूर घ्या. पण आधी टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये जा. चौथी 4440 मिलिमीटर लांब आणि 1695 रुंद होती, पाचवी 4549 आणि 1748 आहे. नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या पुनर्विकासाच्या इमारतींत दोन खांबांमध्ये गाडी लावून दार उघडायचं असतं. तिथे पाच सेंटिमीटर म्हणजे आजी आत शिरणार की नाही याचा निर्णय. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या लावायची सोय, असेल तर प्लेटवर किती लांबीची आणि वजनाची गाडी चालते ते सोसायटीकडून लिहून घ्या.

हायब्रिडबद्दलही हल्ली विचारतात. 2022 च्या मे महिन्यात आली. कमी वेगात ती बहुतांश विजेच्या मोटरवर चालते आणि पेट्रोल इंजिन वीज तयार करत राहतं. मोकळ्या रस्त्यावर इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. म्हणजे जिथे बाकीच्या गाड्या पेट्रोल जाळत उभ्या असतात त्या माजिवड्याच्या गर्दीतच हिचा फायदा सर्वांत जास्त. मला ही यंत्रणा मनापासून आवडते. फक्त बॅटरी डिकीत बसवलेली आहे, त्यामुळे 506 लिटरची डिकी 306 वर आली. प्रवास कमी आणि ऑफिस जास्त असेल तर चालेल.

ऑटोमॅटिक हवी असेल तर एवढंच: तिसऱ्या पिढीत पाच गिअरची नेहमीची ऑटोमॅटिक होती, दुसरी, चौथी आणि पाचवीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक. सीव्हीटीचं तेल ठरल्या वेळी आणि कंपनीने सांगितलेलंच बदललं होतं याची बिलं बघा. बिल नसेल तर तेल बदललेलं नाही असं धरा.

आता माझ्या कामातलं. कुठलीही पिढी घ्या, पण पाण्यातून गेलेली गाडी घेऊ नका. सिटीचं पोट आणि जमीन यांच्यातल्या अंतराचा आकडा चौथ्या, पाचव्या पिढीत 165 मिलिमीटर आहे. आपल्याकडच्या पावसात हे फार नाही. साचलेल्या पाण्यात इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं की पिस्टन वर येताना ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, तेवढे पैसे ठाण्यात राहून वाचवू नयेत. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. मी बघितलेल्या कित्येक इंजिनांचा निकाल त्या दुसऱ्या स्टार्टरनेच लागला होता.

अशी गाडी पॉलिश करून विकायला उभी असते. ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर ती कुणी धुतलेली नसते. पुढची सीट मागे सरकवून रुळांवरचा गंज बघा. डिकीतली स्टेपनी उचला, खालच्या खड्ड्यात माती आणि गंज दिसतो. तिथेच पत्र्याच्या जोडावर नवं सीलंट दिसलं तर गाडी मागून ठोकलेली आहे. कार्पेटखाली वायरिंगच्या जोडण्या हिरव्या पडल्या असतील तर तिथून सरळ घरी या.

हे सगळं बघून झालं की चाचणीला निघताना तुम्ही मागे बसा. गाडी विकणाऱ्याला चालवू द्या, किंवा बरोबर आलेल्या भावाला. घरात सर्वांत मोठं कोण आहे, आई, सासरे, आजी, त्यांना शेजारी बसवा. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून तीन माणसं मागे असताना न्या आणि खाली घासते का ऐका. परत आल्यावर त्यांना हात न देता उतरू द्या. उतरायला जमलं नाही तर ती पिढी बाजूला ठेवा, आणि कुठल्याच सिटीतून जमत नसेल तर सेडानचा विचार सोडून उंच सीटची गाडी बघा. तीही सांगते, पण त्यासाठी परत फोन करा.